प्रौढ वयातील मुरूम आणि त्वचारोगतज्ज्ञाची पहिली भेट : पूर्वतयारीचे स्वरूप व महत्त्व
(बुलडाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश :
मुरूम हा विकार केवळ पौगंडावस्थेचा आहे, या समजामुळे पंचविशीनंतर तो उद्भवल्यास रुग्ण तज्ज्ञाकडे उशिरा पोहोचतो. मधल्या काळात चेहऱ्यावर अनेक मलमांचे व घरगुती उपायांचे प्रयोग झालेले असतात. त्यामुळे मूळ विकाराचे स्वरूप बदलते आणि निदान अवघड होते. प्रस्तुत लेखात या विकाराचा थोडक्यात परिचय करून देऊन पहिल्या भेटीपूर्वी रुग्णाने कोणती माहिती संकलित करावी, ती का आवश्यक आहे आणि भेटीनंतर कोणती अपेक्षा ठेवावी, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : प्रौढ मुरूम, त्वचारोगतज्ज्ञ, रुग्णेतिहास, स्टेरॉइड मलम, पूर्वतयारी.

1. प्रस्तावना :

मराठीत मुरुमांसाठी 'तारुण्यपिटिका' असा भारदस्त शब्द रूढ आहे. या शब्दातच वयाचे एक गृहीतक दडलेले आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात या विकारास 'मुखदूषिका' म्हटले असून तरुणांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पिटिका असे त्यांचे स्वरूप सांगितले आहे. उपमा अत्यंत समर्पक आहे. सावरीचे खोड ज्याने पाहिले आहे त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तथापि मुरूम म्हणजे तारुण्य हे समीकरण तेव्हापासून आजतागायत लोकमानसात टिकून आहे आणि त्याचा परिणाम उपचारांवर होतो.

सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर मुरूम आले तर 'वयाचे आहेत, जातील' असे म्हटले जाते. चौतीस वर्षांच्या अध्यापिकेच्या हनुवटीवर ते आले तर 'या वयात?' असा प्रश्न उमटतो. हा प्रश्न घरात विचारला जातो, स्टाफरूममध्ये विचारला जातो आणि अनेकदा रुग्ण स्वतःच स्वतःला विचारतो. त्यातून संकोच निर्माण होतो. संकोचातून औषधाच्या दुकानात हळू आवाजात एखादे मलम मागितले जाते. ते मलम संपते, दुसरे येते आणि तज्ज्ञाकडे जाण्याचा दिवस लांबत राहतो.

वैद्यकशास्त्र मात्र वयाच्या पंचविशीनंतर आढळणाऱ्या मुरुमांना 'प्रौढ मुरूम' अशी स्वतंत्र संज्ञा देते. त्यांचे दोन प्रकार मानले जातात. पौगंडावस्थेत सुरू होऊन पुढेही टिकून राहणारे ते सातत्यशील आणि पंचविशीनंतर प्रथमच उद्भवणारे ते विलंबित होत. दोन्ही प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. म्हणजेच या वयात मुरूम येणे ही विसंगती नसून एक ओळखलेला आणि उपचारसाध्य विकार आहे. त्याच्या उपचाराची पहिली पायरी म्हणजे तज्ज्ञाची पहिली भेट. ती भेट अल्पकाळाची असते. म्हणूनच तिची तयारी घरीच व्हावी लागते.

2. विकाराचे स्वरूप :

त्वचेतील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म नलिका असते व तिला जोडून तैलग्रंथी असते. मुरूम निर्माण होण्यामागे चार प्रक्रिया एकत्र कार्यरत असतात. पुरुषसंप्रेरकांच्या प्रभावामुळे तैलग्रंथीतून अधिक तेल स्रवते. ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतात. दुसरे म्हणजे नलिकेच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बंद होते. तिसरे, त्वचेवर एरवीही वास्तव्य करणारा एक जिवाणू या बंद नलिकेत वाढतो. 'प्रोपिओनीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' या नावाने तो परिचित होता. 2016 मध्ये त्याचे 'क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' असे पुनर्नामकरण झाले. चौथी प्रक्रिया म्हणजे दाह. या चारींच्या कमीअधिक प्रमाणानुसार काळे ठिपके, पांढरे ठिपके, लाल पुळ्या, पूयुक्त पुटकुळ्या किंवा खोलवरच्या गाठी दिसतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मुरूम अस्वच्छतेमुळे होत नाहीत. त्यामुळे दिवसातून सहा वेळा साबणाने चेहरा धुणे हा त्यावरील उपाय ठरत नाही. उलट त्वचेचे संरक्षक आवरण कोरडे पडून दाह वाढतो.

प्रौढ स्त्रियांमध्ये मुरूम बहुधा जबड्याची कड, हनुवटी व मानेचा वरचा भाग येथे येतात आणि मासिक पाळीपूर्वी वाढतात. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत मुरूम बसल्यानंतरही काळे डाग दीर्घकाळ राहतात. अनेक रुग्णांची मुख्य तक्रार मुरुमांपेक्षा या डागांचीच असते. डाग आणि व्रण यांत मात्र भेद आहे. डाग म्हणजे रंगद्रव्याचा साठा. तो काही महिन्यांत फिकट होतो. व्रण म्हणजे त्वचेची रचना बदलून पडलेला खड्डा किंवा उंचवटा. तो आपोआप जात नाही. उपचारास विलंब करण्याची खरी किंमत या व्रणांच्या रूपाने मोजावी लागते.

मुरुमांसारखे दिसणारे प्रत्येक पुरळ मुरूम नसते, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. रोझेशिया, केसांच्या मुळांचा जिवाणूजन्य किंवा बुरशीजन्य दाह, तोंडाभोवती येणारे पुरळ हे विकार सामान्य दृष्टीस सारखेच भासतात. त्यांचे उपचार मात्र भिन्न आहेत. हा भेद करण्यासाठी तज्ज्ञास दोन साधने उपलब्ध असतात : डोळ्यांना दिसणारी त्वचा आणि रुग्णाने सांगितलेला इतिहास. पहिले साधन डॉक्टरांचे, तर दुसरे सर्वस्वी रुग्णाच्या हाती असते.

3. बुलडाणा जिल्ह्याचा संदर्भ :

अमरावती विभागातील बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके असून घाटावरचा व घाटाखालचा असे त्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. तेथील अनेक गावांत भूजल खारट व जड असते. साबणाचा फेस होत नाही आणि त्वचेवर साबणाचा थर राहून ती कोरडी व खरखरीत होते. जड पाणी हे मुरुमांचे कारण आहे असे म्हणता येत नाही. परंतु त्वचेची सहनशीलता कमी झाल्यास मुरुमांवरील मलमांची आग अधिक होऊ शकते. म्हणून वापराचे पाणी बोअरचे की नळाचे, ही माहिती डॉक्टरांना उपयुक्त ठरते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. दुचाकीवरून महाविद्यालयात ये-जा करताना चेहऱ्याभोवती घट्ट स्कार्फ बांधला जातो किंवा हेल्मेटचा पट्टा हनुवटीस घासतो. घाम, उष्णता व घर्षण यांमुळे मुरूम वाढतात. घर्षणजन्य मुरुमांचा हा प्रकार वैद्यकशास्त्रात 1975 पासून स्वतंत्रपणे नोंदलेला आहे.

दुसरा मुद्दा सेवेच्या उपलब्धतेचा. तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ दररोज असतीलच असे नाही. काही तज्ज्ञ आठवड्यातील ठरावीक वारी येतात. बुलडाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास 2024 मध्ये मान्यता मिळाली. त्यापूर्वीपासून जिल्ह्यातील रुग्ण अकोला, जळगाव व छत्रपती संभाजीनगर येथे जात आले आहेत. एका भेटीसाठी एक किरकोळ रजा, एस.टी.चा प्रवास व रांगेतील प्रतीक्षा एवढा खर्च होत असताना अपुऱ्या माहितीमुळे ती भेट वाया जाणे परवडणारे नसते.

तिसरा मुद्दा फलकाचा आहे. या वैद्यकशाखेत त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग या तिन्हींचा अंतर्भाव होतो आणि दवाखान्याच्या फलकावर तसा उल्लेख असतो. लहान गावात, जिथे विद्यार्थी व पालक रस्त्यात भेटतात, तिथे अशा फलकाखालून आत जाताना शिक्षित व्यक्तीही कचरते. हा उल्लेख अभ्यासक्रमाचा आहे, येणाऱ्या रुग्णाच्या आजाराचा नाही, एवढे समजून घेतले तरी पायरी चढणे सोपे होते.

त्वचेच्या तक्रारीत इतिहासाचे महत्त्व किती असते, हे या जिल्ह्याने अलीकडेच अनुभवले आहे. डिसेंबर 2024 व जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांमध्ये अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. पाणी, शॅम्पू, बुरशी अशा अनेक शक्यतांची चर्चा झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने गावांना भेट देऊन नमुने घेतले. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले व जस्ताचे घटलेले असल्याचे मांडून रेशनवरील गव्हाकडे लक्ष वेधले. केसगळती आणि मुरूम या सर्वस्वी भिन्न तक्रारी आहेत. तथापि या घटनेतून मिळणारा धडा समान आहे. तक्रार डोक्यावर दिसते, पण तिच्या कारणाचा शोध स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टर स्वयंपाकघर पाहत नाहीत, औषधाचा डबा पाहत नाहीत आणि न्हाणीघरातील फळीही पाहत नाहीत. ते सर्व रुग्णाने शब्दांत सोबत न्यावयाचे असते.

4. मलमाचा दडलेला इतिहास :

रुग्णाकडून सर्वाधिक वगळली जाणारी आणि निदानासाठी सर्वाधिक मोलाची माहिती म्हणजे यापूर्वी चेहऱ्यावर काय लावले ही होय. भारतातील 12 केंद्रांवर झालेल्या व 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकाराचे 2926 रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी 433 जण, म्हणजे सुमारे 15 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम वापरत होते. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांना हे मलम डॉक्टरांव्यतिरिक्त अन्य कोणीतरी सुचविले होते. सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम येणे किंवा असलेले वाढणे. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांनी मात्र ते मलम मुरुमांवरील उपाय म्हणूनच सुरू केले होते.

ही विसंगती कशी घडते हे समजून घेणे आवश्यक आहे. स्टेरॉइड दाह दडपते. त्यामुळे दोन-चार दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मलमावर विश्वास बसतो. काही आठवड्यांनंतर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे लव वाढते आणि एकसारख्या आकाराच्या नव्या पुळ्या उठतात. मलम बंद करताच आग व लाली उसळते. म्हणून ते पुन्हा लावले जाते. हे चक्र कधीकधी वर्षानुवर्षे चालते. वांगावर दिली जाणारी त्रिघटक मलमे, खाज-नायट्यावरील मिश्र मलमे व 'गोरेपणाची' म्हणून हातोहात फिरणारी मलमे यांत स्टेरॉइड असू शकते. नळीवरील घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आढळल्यास ते स्टेरॉइड आहे असे समजावे. मार्च 2018 मध्ये केंद्र शासनाने अशा 14 बाह्योपचारी स्टेरॉइडांना अनुसूची 'एच'मध्ये आणले. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम झाला असला तरी घरातील कपाटात जुनी नळी असतेच आणि ती उसनीही दिली जाते.

लेबल नसलेल्या डबीतील मलमाचा धोका याहूनही गंभीर आहे. शेजारच्या अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण 2023 मध्ये प्रकाशात आले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेता कारण सापडले ते त्यांनी वापरलेल्या उजळपणाच्या क्रीममधील पाऱ्यात. भारतीय नियमांनुसार अशा प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई असून नकळत राहणारे प्रमाण दशलक्षात एका भागापेक्षा अधिक असता कामा नये.

अशा मलमाचा उल्लेख रुग्ण टाळतो, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. डॉक्टरांचा राग क्षणिक असतो. माहिती दडविल्याने झालेले चुकीचे निदान मात्र दीर्घकाळ भोगावे लागते. स्टेरॉइड मलम चालू असल्यास ते भेटीपूर्वी स्वतःच्या निर्णयाने अचानक बंद करण्याऐवजी तसे डॉक्टरांना सांगून त्यांच्या सल्ल्याने सोडावे, हे अधिक सुरक्षित होय.

5. पूर्वतयारीचे घटक :

वरील विवेचनाच्या आधारे पहिल्या भेटीची तयारी पुढील घटकांत विभागता येते.

(1) कालक्रम : मुरूम प्रथम केव्हा आले, मधे थांबले होते काय, कोणत्या महिन्यांत वा प्रसंगी वाढतात, चेहऱ्याव्यतिरिक्त छाती व पाठीवर आहेत काय, हे क्रमाने लिहावे. आई-वडील किंवा भावंडांना तीव्र मुरूम व व्रण झाले असल्यास त्याची नोंद करावी, कारण या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

(2) लावलेल्या वस्तू : सर्व नळ्या, डब्या, साबण, फेसवॉश व तेल एका पिशवीत भरून न्यावे. रिकामी नळीही चालते. ते शक्य नसल्यास घटकांची नावे वाचता येतील असे छायाचित्र काढावे. लिंबू, टूथपेस्ट, तुरटी, हळद, बेसन असे घरगुती लेप तसेच पार्लरमधील ब्लीच व फेशियल यांचाही उल्लेख करावा. डोक्यास भरपूर तेल लावण्याची सवय असल्यास ते सांगावे. कपाळावर व कानशिलांजवळ येणाऱ्या मुरुमांचा त्याच्याशी संबंध असू शकतो.

(3) पोटात घेतलेली औषधे : क्षयरोगावरील आयसोनियाझिड, फिट्सवरील फेनिटॉइन, मानसिक आजारावरील लिथियम, स्टेरॉइडच्या गोळ्या, बी-12 जीवनसत्त्वाची इंजेक्शने, काही संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके, व्यायामशाळेतील प्रथिनांची पावडर व शरीर कमावण्यासाठीची इंजेक्शने यांमुळे मुरूम किंवा तत्सम पुरळ येऊ शकते. दमा, सांधेदुखी वा वजनवाढीसाठी घेतलेल्या अनामिक पुड्या व गोळ्याही सांगाव्यात. यांपैकी क्षय, फिट्स किंवा मानसिक आजाराचे औषध मुरुमांच्या भीतीने स्वतः बंद करू नये.

(4) स्त्री-रुग्णांसाठी विशेष नोंदी : मागील सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा, पाळीपूर्वी मुरूम वाढतात काय, हनुवटी-ओठांवर राठ केस, टाळूवरील केस विरळ होणे, वजनातील वाढ व गर्भधारणेतील अडचण यांची नोंद असावी. ही लक्षणे एकत्र असल्यास बहुपुटीय बीजांडकोश विकाराची, अर्थात सर्वत्र 'पीसीओएस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराची, शक्यता तपासली जाते. मात्र संप्रेरकांच्या तपासण्या स्वतःहून आधीच करून घेऊ नयेत. त्या पाळीच्या कोणत्या दिवसांत कराव्यात हे महत्त्वाचे असते आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास निष्कर्ष बदलतात. गर्भधारणा, स्तनपान किंवा नजीकच्या काळातील अपत्यनियोजन यांची माहिती तर न विचारताही सांगावी.

(5) छायाचित्रे : भेटीच्या दिवशीच चेहरा नेमका बरा असतो, असा अनुभव अनेकांना येतो. म्हणून मुरूम वाढलेले असताना खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात समोरून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मोबाइलमधील सौंदर्यवर्धक फिल्टर बंद असावा. छायाचित्रावर तारीख असल्यास उत्तम.

(6) आहार व दिनक्रम : 'अंगातील उष्णता' किंवा 'पोट साफ नसणे' ही कारणे आपल्याकडे सर्रास सांगितली जातात, परंतु त्यांना पुरेसा आधार नाही. साखर व मैद्यासारखे, रक्तातील शर्करा झपाट्याने वाढविणारे पदार्थ कमी केल्यास मुरूम घटतात, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील बारा आठवड्यांच्या प्रयोगात तरुण पुरुषांच्या बाबतीत दिसून आले. दुधाच्या सेवनाशीही काही अभ्यासांत संबंध आढळला आहे. म्हणून चहाच्या कपांसह नेहमीचा आहार, झोप व ताण यांविषयी दोन ओळी लिहाव्यात. भेटीपूर्वी कडक पथ्य मात्र सुरू करू नये.

(7) मनावरील परिणाम : वर्गात फळ्याकडे तोंड करून अधिक वेळ उभे राहणे, समारंभ टाळणे, छायाचित्रात मागे सरकणे ही लक्षणेही वैद्यकीय माहितीचा भाग आहेत. त्वचाविकाराचा जीवनमानावरील परिणाम मोजणारी दहा प्रश्नांची प्रमाणित प्रश्नावली 1994 पासून वापरात आहे. मुरूम थोडे आणि त्रास मोठा असेल तर उपचाराची दिशा बदलू शकते. म्हणून 'तसे फार काही नाही' असे म्हणून आरंभ करू नये.

हे सर्व एका कागदावर मावले पाहिजे. उदाहरणादाखल असे टिपण पुढीलप्रमाणे असू शकते : 'वय 34. मुरूम तीन वर्षांपासून, हनुवटी व जबड्यावर, पाळीपूर्वी आठवडाभर वाढतात. पाळी 40 ते 50 दिवसांनी. दुकानातून आणलेले मोमेटासोनयुक्त मलम आठ महिने रोज रात्री लावले, अजून चालू. थायरॉइडची गोळी चालू. पुढील वर्षी अपत्याचा विचार. मुख्य तक्रार : काळे डाग.' एवढ्या ओळी वाचण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. परंतु निदान, तपासण्या व औषधांची निवड या तिन्हींना त्यांतून दिशा मिळते.

6. प्रत्यक्ष भेट :

तज्ज्ञाची निवड करताना त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका यांसारखी पदव्युत्तर पात्रता व वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. शासकीय रुग्णालयात जावयाचे असल्यास त्वचाविभागाचा वार आधी विचारून घ्यावा. प्रवास अशक्य असल्यास शासनाच्या ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेचा पर्याय आहे. तेथे तर वरील छायाचित्रे व टिपण अधिकच उपयोगी पडतात.

भेटीस जाताना चेहरा साध्या पाण्याने धुतलेला असावा. पावडर, फाउंडेशन वा डाग झाकणारे क्रीम लावू नये. मुरूम फोडून जाऊ नये. पाठ व छाती दाखविणे सोयीचे होईल असा पोशाख असावा. स्त्री-रुग्णास तपासणीच्या वेळी सोबत व्यक्ती किंवा परिचारिका असावी असे वाटल्यास तशी विनंती निःसंकोच करावी. उलट पाळी वा अपत्यनियोजनाविषयी नातेवाइकांसमोर बोलणे अवघड असेल तर त्यांना काही वेळ बाहेर थांबण्यास सांगता येते.

उठण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे मिळालेली असावीत : निदान काय आहे? कोणते औषध केव्हा, किती व कोठे लावावयाचे? कोणता त्रास अपेक्षित आहे आणि कोणता झाल्यास औषध थांबवून कळवावयाचे? गर्भधारणेच्या दृष्टीने काही बंधन आहे काय? पुन्हा केव्हा यावयाचे? औषधांचा खर्च पेलणारा नसल्यास तेही सांगावे. जेनेरिक पर्याय अनेकदा उपलब्ध असतो.

7. भेटीनंतरची अपेक्षा :

पहिल्या भेटीनंतर आठवडाभरात चेहरा स्वच्छ होईल ही अपेक्षा स्टेरॉइड मलमांनी लावलेली सवय आहे. योग्य उपचारांचा परिणाम दिसण्यास साधारणतः आठ ते बारा आठवडे लागतात. अ‍ॅडापेलिन, ट्रेटिनॉइन यांसारख्या मलमांनी प्रारंभी कोरडेपणा व आग होते. ती वाटाण्याएवढ्या प्रमाणात, कोरड्या चेहऱ्यावर, रात्री आणि संपूर्ण भागावर लावावयाची असतात, केवळ दिसणाऱ्या मुरुमावर नव्हे. बेन्झॉइल पेरॉक्साइडमुळे उशीचा अभ्रा व टॉवेल यांचा रंग उडतो. डॉक्सिसायक्लिन घेताना उन्हाचा त्रास वाढतो. विदर्भातील उन्हाळ्यात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. प्रतिजैविके मर्यादित काळासाठीच दिली जातात, कारण त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढण्याचा धोका असतो. म्हणून जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी पुन्हा पुन्हा आणू नये.

आयसोट्रेटिनॉइन हे तीव्र मुरुमांवरील प्रभावी औषध 1982 पासून वापरात आहे. गर्भात गंभीर व्यंग निर्माण करण्याची त्याची क्षमता निर्विवाद आहे. त्यामुळे उपचार चालू असताना व संपल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते आणि रक्तदानही करता येत नाही. यकृत व रक्तातील मेद यांच्या तपासण्याही कराव्या लागतात. अपत्यनियोजनाची माहिती टिपणात प्रारंभीच असावी, याचे कारण येथे स्पष्ट होते.

8. प्राध्यापकांची भूमिका :

महाविद्यालयीन प्राध्यापक हा या प्रश्नात दुहेरी भूमिकेत असतो. तो स्वतः रुग्ण असू शकतो आणि विद्यार्थ्यांचा अनौपचारिक सल्लागारही असतो. सहकाऱ्याने दिलेली मलमाची नळी आपुलकीने दिलेली असली तरी ती औषधच असते. तिच्याऐवजी तज्ज्ञाचा पत्ता देणे हीच खरी मदत होय. विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर अचानक उजळपणा व त्यानंतर लाली दिसत असेल तर विद्यार्थिनी मंच किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या आरोग्य कार्यक्रमात मलमांवरील घटक वाचण्यास शिकविणे हा सहज शक्य असलेला उपक्रम आहे. एखाद्याच्या चेहऱ्यावर सर्वांसमोर टिप्पणी न करणे एवढे तर प्रत्येकालाच करता येते.

9. समारोप :

प्रौढ वयातील मुरूम हा लाजेचा विषय नाही आणि केवळ सौंदर्याचाही नाही. त्यामागे संप्रेरकांचा विकार, एखाद्या औषधाचा परिणाम किंवा चुकीच्या मलमाची सवय असू शकते आणि दुर्लक्ष केल्यास व्रण कायम राहतात. तज्ज्ञाचे ज्ञान त्याच्या अभ्यासातून येते. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग कोठे करावयाचा हे रुग्णाच्या इतिहासावरून ठरते. पदवीच्या वर्गांना आधारसामग्री प्रामाणिकपणे मांडण्याचे महत्त्व शिकविणाऱ्या प्राध्यापक वर्गास ही बाब वेगळी पटवून देण्याची आवश्यकता नाही. एक कागद, एक पिशवी आणि काहीही न वगळता सांगण्याची तयारी एवढे साहित्य सोबत असल्यास रांगेतील काही तासांनंतर मिळणारी ती थोडी मिनिटे खऱ्या अर्थाने फलदायी ठरतील.